पिकतो तिथे टिकत नाही

यवतमाळ शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २०.४ अंशांवर आहे. कर्कवृत्त त्याच्याही बरेच वरून, भोपाळच्या जवळून जाते. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य यवतमाळच्या अगदी डोक्यावर येतो, एकदा २२ मेच्या सुमारास आणि पुन्हा २१ जुलैच्या आसपास. जुलैत ढग असतात, तो दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही. मेमधल्या त्या दिवशी मात्र दुपारी सव्वाबाराच्या सुमारास दत्त चौकातल्या विजेच्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच गोळा होते. रस्ते ओस पडलेले असतात, दुकानांवर हिरवी कापडे ओढलेली असतात आणि ज्याला बाहेर पडायलाच हवे तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघतो.

हा सूर्य नुसता तापवत नाही. त्याच्या किरणांतला अतिनील भाग जमिनीपासून तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या रेणूंवर आदळतो आणि त्यांचे दोन तुकडे करतो. सुटा झालेला एकेक अणू शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि तीन अणूंचा ओझोन तयार होतो. सिडनी चॅपमन या इंग्रज शास्त्रज्ञाने ही कृती १९३० मध्ये मांडली आणि ती आजही मुळात तशीच शिकवली जाते. ऊन जितके कडक आणि सरळ, तितका ओझोन जास्त. या हिशेबाने पृथ्वीवरचा सर्वांत दाट ओझोन आपल्या, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या डोक्यावर असायला हवा. ध्रुवावर तर सहा महिने रात्र, तिथे तो जवळपास नसायलाच हवा.

प्रत्यक्षात उलटे आहे. एखाद्या ठिकाणच्या वरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर, समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला पसरला तर त्याचा थर किती जाड होईल, यावरून तो मोजतात. एक मिलिमीटर जाडी म्हणजे १०० डॉब्सन एकके. यवतमाळच्या अक्षांशावर वर्षभर हा आकडा २५० ते २८० च्या आसपास घुटमळतो, म्हणजे जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिमीटर. उत्तर ध्रुवाच्या भोवती मार्च महिन्यात तो ४०० ते ४५० असतो आणि कधी ५०० च्याही घरात जातो. मार्चमध्ये तिथे सूर्य नुकताच क्षितिजावर डोकावू लागलेला असतो. त्याने एवढा ओझोन बनवला असेल हे शक्यच नाही.

पिकते तिथे विकत नाही, असे आपण म्हणतो. ओझोनच्या बाबतीत पिकतो तिथे टिकत नाही असे म्हणावे लागेल. यवतमाळकराला हे समजायला जड जाऊ नये. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातला कापूस नॅरोगेजच्या 'शकुंतला' रेल्वेत बसून मूर्तिजापूरला जायचा, तिथून मुंबई आणि मुंबईहून मँचेस्टर. पीक वऱ्हाडातले, कोठारे इंग्लंडातली. मँचेस्टरच्या गोदामात गाठींची चळत पाहून तिथे कापूस पिकतो असा समज करून घेणारा जितका चुकेल, तितकेच आपण ध्रुवावरचा ओझोन पाहून चुकू. प्रश्न वाहतुकीचा आहे. आणि स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या त्या कोरड्या थरात, वाहतूक करणारा एकच, वारा.

ज्याच्या नावाने हे एकक आहे तो गॉर्डन डॉब्सन ऑक्सफर्डचा. त्याने १९२० च्या दशकात ओझोन मोजण्याचे यंत्र घरच्या शेडमध्ये बनवले. सूर्यप्रकाशातल्या दोन जवळजवळच्या अतिनील तरंगलांबी निवडायच्या, त्यातली एक ओझोन जोरात शोषतो, दुसरी फारशी नाही. दोन्हींच्या तेजाची तुलना केली की वरचा ओझोन कळतो. आधी युरोपात आणि मग १९२८-२९ मध्ये जगाच्या कानाकोपऱ्यात त्याने ही यंत्रे पाठवली. त्यांतले एक तमिळनाडूतल्या कोडाईकनालला आले. तिथले आकडे त्याच्या दृष्टीने अगदीच बेचव निघाले, कमी आणि वर्षभर जवळजवळ सपाट. युरोपातले आकडे मात्र वसंतात चढत आणि शरदात उतरत. शिवाय हवेचा दाब बदलला की एकदोन दिवसांतही हलत. जे उन्हाबरोबर बदलायला हवे ते वाऱ्याबरोबर बदलते आहे, हे डॉब्सनच्या नजरेतून सुटले नव्हते. पण वारा कुठून कुठे जातो हे सांगायला अजून वीस-पंचवीस वर्षे लागणार होती.

त्या कोड्याचा एक तुकडा आपल्याकडून मिळाला. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुणेकर आजही त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' म्हणतात. याच खात्यातले के. आर. रामनाथन यांनी १९२९ मध्ये फुग्यांनी मिळवलेल्या नोंदी जुळवून दाखवले की, तोवर नोंदलेली वातावरणातली सर्वांत थंड हवा ध्रुवावर नसून उष्ण कटिबंधाच्या डोक्यावर, सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर असते. तिथे पारा उणे ८० अंशांच्या आसपास असतो. खाली यवतमाळला ४५ अंश आणि सरळ वर सतरा किलोमीटरवर उणे ८०, ही गोष्ट आजही ऐकणाऱ्याला चटकन पटत नाही.

दुसरा तुकडा ॲलन ब्रूअरने जोडला. इंग्लंडवरून उडणाऱ्या विमानांतून त्याने वरच्या हवेतली वाफ मोजली, तर ती आश्चर्य वाटावे इतकी कोरडी. इंग्लंडवरच्या हवेत तेवढा गारठा नव्हता की तिची वाफ गोठून गळून जावी. मग ही हवा सुकली कुठे? १९४९ मध्ये ब्रूअरने उत्तर दिले. ती विषुववृत्ताजवळ, त्या उणे ८० अंशांच्या दारातून वर शिरली, तिथेच तिची वाफ गोठली आणि मग ती हळूहळू ध्रुवाकडे सरकत खाली उतरली. १९५६ मध्ये डॉब्सनने ओझोनच्या आकड्यांनाही हाच मार्ग लावला आणि सगळे जागच्या जागी बसले. उष्ण कटिबंधात वर, मग ध्रुवांकडे आडवे आणि ध्रुवाजवळ खाली. या अभिसरणाला ब्रूअर आणि डॉब्सन यांचीच नावे मिळाली. रामनाथन यांचेही नाव त्यात असते तर वावगे झाले नसते, असे मला वाटते.

या वाऱ्याची चाल मात्र वारा म्हणावा अशी नाही. यवतमाळसारख्या ठिकाणावरून स्थितांबरात शिरलेली हवा दिवसाला वीस-तीस मीटर वर चढते. जिने चढणारा माणूस हे अंतर एखाद-दोन मिनिटांत कापतो. स्थितांबरातून ध्रुवाजवळच्या थरांत पोचायला तिला सरासरी चार-पाच वर्षे लागतात. प्रवास मुख्यतः हिवाळा असलेल्या गोलार्धाकडे होतो. म्हणजे आपल्या हिवाळ्यात ओझ्यासकट ती उत्तरेकडे निघते आणि आपण पेरण्या उरकून पावसाची वाट पाहत असतो तेव्हा दक्षिणेकडे.

इथे वाचकाला शंका येईल. उष्ण कटिबंधातली हवा तापून वर जाते आणि थंड ध्रुवावर खाली येते, एवढेच ना? नाही. स्थितांबरात हवा उंचीबरोबर गरम होत जाते. खालची थंड, वरची ऊबदार, अशा थरात हवा आपल्या आपण वर जात नाही, तिला कुणीतरी ओढावे लागते. ही ओढ लावतात अजस्र लांबीच्या लाटा. हिमालय, तिबेटचे पठार, रॉकी पर्वत आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातला फरक यांच्यावरून पश्चिमी वारे जाताना ते हेलकावतात. हजारो किलोमीटर लांबीचे हे हेलकावे हिवाळ्यात स्थितांबरापर्यंत चढतात आणि तिथे फुटतात. फुटताना ते तिथल्या वेगवान पश्चिमी वाऱ्याला लगाम घालतात. वेग मंदावलेली हवा ध्रुवाकडे ढकलली जाते, तिथे खाली दबते, आणि तिची जागा भरायला विषुववृत्तावरून हवा वर ओढली जाते. थोडक्यात, यवतमाळवरचा ओझोन ध्रुवाकडे नेणारी ताकद यवतमाळच्या उन्हात नाही, ती हिमालयासारख्या डोंगरांवरून उठणाऱ्या लाटांत आहे.

शिवाय वाऱ्याला एवढी सत्ता का मिळावी, यालाही कारण आहे. चाळीस किलोमीटर उंचीवर ओझोनचे आयुष्य काही तासांचे असते. जितका बनतो तितकाच मोडतो, तिथे उन्हाचेच राज्य. पण वीस किलोमीटरच्या आसपास तो बनतही नाही आणि सहज मोडतही नाही, महिनोन्‌महिने टिकतो. ओझोनचा बहुतांश साठा याच खालच्या थरात असतो. म्हणजे ज्या थरात माल आहे, तिथे रसायनशास्त्र मंद आणि वारा मोकळा. स्वाभाविकच, साठा कुठे किती असेल ते वारा ठरवतो.

ओझोनच्या उंचीचा हा हिशेब कागदावर मांडणे सोपे, प्रत्यक्ष मोजणे अवघड. त्यासाठी यंत्रच वर पाठवावे लागते. पुण्याच्या हवामान खात्यात १९६० च्या दशकात ॲना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी ओझोनसाँड तयार केले. त्यांची रचना पाहिली की साधेपणाचे कौतुक वाटते. एका छोट्या कुपीत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण, त्यात दोन इलेक्ट्रोड, आणि बाहेरची हवा त्या द्रावणात बुडबुड्यांनी सोडणारा चिमुकला पंप. ओझोनचा रेणू द्रावणात आला की आयोडीन सुटे होते आणि प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन तारेतून वाहतात. प्रवाह अँपिअरच्या लाखाव्या-दशलक्षाव्या भागातला, पण तो जितका, तितका ओझोन. हा आकडा रेडिओने खाली येत राहतो. हायड्रोजनचा फुगा चढत जातो, बाहेरचा दाब कमी होईल तसा फुगतो आणि तीस किलोमीटरच्या आसपास फुटतो. द्रावण वाटेत गोठू नये म्हणून सगळा डबा थर्मोकोलमध्ये बंद असतो. ॲना मणींचे उपकरणांबाबतचे धोरण कडक होते. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, असे त्या मानत. पुढे याच जातीची उपकरणे अंटार्क्टिकावरच्या भारतीय ठाण्यांवरून सोडली गेली.

अंटार्क्टिकाकडे वळण्याआधी ध्रुवावरच्या वाऱ्याची ओळख करून घ्यायला हवी. हिवाळ्यात ध्रुवावर सूर्य मावळला की तिथली स्थितांबरातली हवा उष्णता गमावत जाते. ध्रुव आणि समशीतोष्ण पट्टा यांच्या तापमानात तफावत वाढते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती तफावत एका प्रचंड गोल पश्चिमी वाऱ्यात उतरते. ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने ध्रुवाभोवती फिरणारा हा वारा म्हणजे ध्रुवीय भोवरा. बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही, आतली बाहेर येत नाही.

दक्षिणेला हा भोवरा पक्का असतो, उत्तरेला कच्चा. कारण पुन्हा डोंगर. उत्तर गोलार्धात हिमालय आणि रॉकी आहेत, लाटा जोरदार उठतात आणि भोवऱ्याला धक्के देत राहतात. दक्षिणेत साठ अंशांच्या आसपास सगळा समुद्रच आहे, लाटा दुबळ्या, भोवरा गोल आणि निवांत. परिणाम असा की, उत्तरेला हिवाळाभर उष्ण कटिबंधातला ओझोन थेट ध्रुवापर्यंत पोचतो. दक्षिणेला तो भोवऱ्याच्या भिंतीपाशी अडतो आणि बाहेर साठून राहतो.

हे पहिल्यांदा कळले तेव्हा यंत्रावरच संशय घेतला गेला. १९५६ मध्ये अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर हॅली बे येथे ब्रिटिशांनी ठाणे उभारले आणि तिथे डॉब्सनचे यंत्र गेले. सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे आले, ते उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गनच्या तुलनेत सुमारे १५० एककांनी कमी. यंत्र बिघडले किंवा चालवणाऱ्याचे चुकले, असा डॉब्सनचा पहिला समज झाला. नोव्हेंबरमध्ये आकडे एकदम उसळून अपेक्षेइतके झाले, तेव्हा त्याला उमगले की इथले गणितच वेगळे आहे. भोवरा नोव्हेंबरपर्यंत टिकतो, तोवर बाहेरचा ओझोन आत येत नाही, तो मोडला की येतो. नंतर काही लोकांनी याचा उपयोग 'ओझोनचे छिद्र तर १९५६ पासूनच होते, फ्रिजमधल्या सीएफसी वायूंचा काही संबंध नाही' असे सांगण्यासाठी केला. तो खोडसाळपणा आहे. ४५० मधून १५० वजा केले की ३०० उरतात, आणि ३०० हाच तिथला वाऱ्याने ठरवलेला जुना सामान्य आकडा होता.

१९८५ मध्ये जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी जाहीर केले ते हे की, त्याच हॅली बेवर ऑक्टोबरचा आकडा ३०० वरून २०० च्या आसपास उतरला आहे. भोवरा जुनाच, पण आतला ओझोन संपतो आहे. तेव्हा दोन गट पडले. एक म्हणे हा वाऱ्याचाच खेळ आहे, हवेची दिशा बदलली, खालची ओझोन नसलेली हवा वर येऊ लागली. दुसरा म्हणे ही क्लोरीनची करणी. फ्रिज आणि स्प्रेमधले क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, वर पोचून ओझोन फोडू शकतात असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्येच दिला होता. निकाल लावला तो विमानाने. १९८७ च्या वसंतात चिलीतल्या पुंता अरेनासहून नासाचे ईआर-२ विमान अठरा किलोमीटर उंचीवरून थेट भोवऱ्याची भिंत ओलांडून आत गेले. भिंत ओलांडताच क्लोरीन मोनॉक्साइड एकदम चढले. ऑगस्टअखेर ओझोन तसाच होता, पण १६ सप्टेंबरच्या उड्डाणात जिथे क्लोरीन चढले तिथे ओझोन नेमका उतरलेला दिसला, आरशातल्या प्रतिमेसारखा. योगायोग असा की त्याच दिवशी माँट्रिअलमध्ये ओझोन वाचवण्याच्या करारावर सह्या झाल्या. विमानातली माहिती तेव्हा त्या सभागृहात पोचलेली नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. राजकारण्यांनी एकदा तरी पुराव्याच्या आधी पाऊल उचलले.

मग वाऱ्याचा गट हरला का? माझ्या मते दोन्ही गट अर्धे बरोबर होते. क्लोरीन साऱ्या स्थितांबरात आहे, आपल्या डोक्यावरही आहे. पण तो बहुतांशी निष्क्रिय रूपात अडकलेला असतो. त्याला मोकळे करायला उणे ७८ अंशांखालची थंडी लागते, तिथे नायट्रिक आम्ल आणि बर्फाचे मोतिया रंगाचे ढग बनतात आणि त्यांच्या कणांवर क्लोरीन सुटा होतो. ही थंडी महिनोन्‌महिने टिकवतो तो भोवरा, कारण बाहेरची ऊबदार हवा तो आत येऊ देत नाही. मग सप्टेंबरात सूर्य उगवला की क्लोरीन कामाला लागतो आणि चौदा ते वीस किलोमीटरमधला ओझोन महिनाभरात जवळपास साफ होतो. नवा माल यायचा तर भिंत आडवी. विष क्लोरीनचे, पण त्यासाठी खोली बंद करून देतो तो वारा. वारा नसता तर छिद्र नसते.

ही भिंत प्रत्यक्ष अनुभवणारे भारतीय ठाणे म्हणजे मैत्री. शिर्माकर ओॲसिसमध्ये, दक्षिणेला सुमारे ७०.८ अंशांवर, १९८९ पासून ते सुरू आहे. या मोहिमांचे नियोजन आज गोव्यात, वास्को-द-गामाच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होते, आणि ओझोनचे मोजमाप हवामान खात्याची माणसे करतात. मैत्रीचा अक्षांश मोठा गमतीचा आहे. तो भोवऱ्याच्या काठाच्या आसपास येतो. भोवरा काही कंपासने काढलेले वर्तुळ नाही, तो लंबगोल होतो, कलतो, आपल्या जागी फिरत राहतो. त्यामुळे ठाणे जागचे हलले नाही तरी कधी भोवऱ्याच्या आत असते, कधी बाहेर, आणि चार-सहा दिवसांत वरच्या ओझोनचा आकडा शंभर-शंभर एककांनी बदलू शकतो. त्या चार दिवसांत रसायनांनी ओझोन बनवला नाही की मोडला नाही, डोक्यावरची हवा बदलली एवढेच. फुग्यांच्या आलेखात हे लख्ख दिसते. ऑगस्टमधल्या फुग्याच्या आलेखात अठरा किलोमीटरच्या आसपास एक फुगीर पोट असते. ऑक्टोबरात भोवऱ्याच्या आत सोडलेल्या फुग्याच्या आलेखात नेमके तेच पोट कापून नेलेले दिसते.

उत्तरेकडचा कच्चा भोवरा तर कधी कधी पार फुटतो. १९५२ च्या हिवाळ्यात बर्लिनच्या रिचर्ड शेरहागला फुग्यांच्या नोंदींत स्थितांबर काही दिवसांत तीस-चाळीस अंशांनी तापलेले दिसले. लाटा इतक्या जोरात फुटल्या होत्या की भोवऱ्याची चालच उलटली. हे उत्तरेत दर एक-दोन हिवाळ्यांआड घडते. दक्षिणेत ते इतके दुर्मीळ की सप्टेंबर २००२ मध्ये तिथला भोवरा आणि त्याबरोबर ओझोनचे छिद्रही दोन तुकड्यांत फाटले, तेव्हा शास्त्रज्ञांनी आधी नकाशांवर विश्वास ठेवला नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पुन्हा तसाच, पण सौम्य धक्का बसला आणि त्या वर्षीचे छिद्र एक कोटी चौरस किलोमीटरच्याही खाली आकसले. २००६ मध्ये तेच जवळपास तीन कोटी, म्हणजे नऊ भारत मावतील एवढे होते. २००६ आणि २०१९ मधला हा फरक क्लोरीन कमी झाल्याचा पुरावा म्हणून काही वर्तमानपत्रांनी छापला, तो चुकीचा होता. क्लोरीन थोडे उतरले होते, पण बहुतेक काम वाऱ्याने केले.

याहून चांगला दाखला उत्तरेचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये उत्तरेचा भोवरा नेहमीपेक्षा पक्का राहिला, लाटा मंद होत्या, तिथला ओझोन २०५ एककांपर्यंत घसरला. २०२४ च्या मार्चमध्ये लाटांनी इतका जोर केला की उत्तर ध्रुवाच्या प्रदेशाची महिन्याची सरासरी ४७७ एकके झाली, उपग्रहांच्या नोंदीतला विक्रम. चार वर्षांत क्लोरीन फारसे बदलले नव्हते. बदलला तो वारा.

ध्रुवाच्या भोवऱ्यावर विषुववृत्तावरूनही लगाम असतो, ही आणखी एक गुंतागुंत. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याची धूळ पूर्वेकडून पश्चिमेकडे दोन आठवड्यांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आली. १९०८ मध्ये पूर्व आफ्रिकेत बर्सन या जर्मनाने फुगे सोडले तर स्थितांबरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे आढळले. दोघांत खरा कोण? दोघेही खरे. विषुववृत्तावरच्या स्थितांबरात वारे सरासरी अठ्ठावीस महिन्यांच्या चक्रात दिशा बदलतात, हे १९६० च्या सुमारास कळले. ओझोनमध्येही असाच दोन वर्षांचा ठोका असतो हे रामनाथन यांनी १९६३ मध्ये दाखवले. विषुववृत्तावर पूर्वेकडून वारे असतील तर उत्तर ध्रुवावरचा भोवरा बहुधा दुबळा राहतो, पश्चिमेकडून असतील तर बळकट. म्हणजे कोण्या हिवाळ्यात सायबेरियावर किती ओझोन साठेल याचा एक धागा कन्याकुमारीच्या वरच्या वाऱ्यांत आहे.

आता उलटा प्रवास. यवतमाळच्या बाजारपेठेत १९८० च्या दशकात फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री नळी उघडून जुना गॅस फुस्सकन सोडून द्यायचा, तसे देशभर सगळेच करत. तो सीएफसी वायू पावसात विरघळत नाही आणि जमिनीजवळच्या हवेत मोडत नाही. महिन्या-दोन महिन्यांत तो सगळ्या उत्तर गोलार्धात आणि वर्षभरात दक्षिणेतही मिसळतो. मग कधीतरी, उष्ण कटिबंधाच्या त्याच उणे ८० अंशांच्या दारातून वर चढतो. मान्सूनचे उंच ढग हाही त्यासाठीचा एक मोठा मार्ग आहे. वर जाऊन कडक अतिनील किरणांत तो फुटतो, क्लोरीन सुटतो, आणि ओझोन नेणारा तोच वारा त्यालाही ध्रुवाकडे नेतो. सीएफसी-१२ चे आयुष्य साधारण शंभर वर्षांचे, म्हणून त्या मिस्त्रीच्या काळातला बराच गॅस आजही हवेत आहे. भारताने सीएफसींचा वापर २०१० पासून बंद केला. आता आपल्या एसींमधल्या आर-२२ चीही मुदत संपत आली आहे. त्यात क्लोरीन आहे, मात्र तो वायू लवकर मोडतो.

जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालानुसार, सध्याचे नियम पाळले तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, उत्तर ध्रुवावरचा २०४५ च्या सुमारास आणि उरलेल्या जगावरचा २०४० पर्यंत. उष्ण कटिबंधाचे गणित मात्र जरा वेगळे आहे. हवा तापत जाते तसे हे अभिसरण वेग धरेल, असे जवळपास सगळी हवामान प्रतिमाने सांगतात. वेग वाढला की आपल्या डोक्यावरच्या खालच्या थरातला ओझोन अधिक झपाट्याने उचलून नेला जाईल. क्लोरीन गेले तरी यवतमाळच्या आकाशातला ओझोन जुन्या पातळीला पुरता पोचणार नाही, अशी शक्यता काही अंदाजांत दिसते. ध्रुव सावरतील, मध्य अक्षांशांत तर ओझोन पूर्वीपेक्षाही वाढेल, आणि ज्याच्या उन्हात तो पिकतो त्याच्या वाट्याला थोडा कमीच येईल.

दरवर्षी १६ सप्टेंबरला शाळाशाळांत ओझोन दिनाची भित्तिचित्रे लागतात. पृथ्वीभोवती एकसारखा निळा पट्टा आणि दक्षिणेला एक भोक. यंदा विद्यार्थ्यांना त्याऐवजी उपग्रहांनी काढलेला त्या दिवसाचा प्रत्यक्ष नकाशा दाखवा, तो इंटरनेटवर रोज फुकट मिळतो. त्यात जांभळा भाग २२० एककांखालचा, तोच छिद्र. त्याच्या भोवतीचे तांबडे-पिवळे कडे म्हणजे भिंतीबाहेर अडलेला ओझोन. आणि भारतावरचा रंग पाहा, तो त्या कड्यापेक्षा बराच कमी ओझोन दाखवणारा असेल. ते कडे ज्याने बनवले तो ओझोन उष्ण कटिबंधाच्या आकाशातूनच तिथे गेलेला आहे.